मिरचीच्या पथारीवरून दोरे निवडताना

आधी फोटो पक्का करा. थंडीत नंदुरबारच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांवर, लाल मिरची वाळत पडलेली असते. भरतकामाचे दोरे निवडायला तिचा फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा. दुपारचं ऊन लाल रंग पांढुरका करतं आणि सावल्या काळ्याठिक्कर. फिल्टर नको. फोटो मैत्रिणीने पाठवलेला असेल, तर तिने त्यात किती रंग चढवलाय ते विचारून घ्या!

मग पॅलेट काढणारं, म्हणजे फोटोतले मुख्य रंग वेगळे करून देणारं ॲप. ते देईल ते पाच रंग मुकाट्याने घेऊ नका. अशी ॲपं बहुधा ज्या रंगाने जास्त जागा व्यापलीय तोच उचलतात आणि जवळच्या छटा एकात मिसळतात. मिरचीच्या फोटोतून चार लाल आणि एक मातकट हाती येतो. देठांचा हिरवा गायब, देठ खुडणाऱ्या बाईच्या लुगड्याचा निळा गायब. आणि नक्षी उठते ती तर याच चिमूटभर रंगांवर. फोटो मोठा करून ते रंग स्वतः बोटाने टिपा. लालाच्या तीन छटा पुरतात: केशरीकडे झुकणारी, मधली आणि सावलीतली गडद तपकिरी. सावलीसाठी काळा दोरा मला तरी पटत नाही, कापडाला भोक पडल्यासारखं दिसतं.

याच फोटोची एक ब्लॅक अँड व्हाइट प्रत करून ठेवा. तिच्यात हिरवा आणि लाल सारखेच करडे दिसले, तर भरल्यावर लांबून दोन्हींचा एकच गोळा दिसेल. हिरवा एक पायरी फिका घ्या.

दुकानात जाताना कापडाचा तुकडा सोबत हवाच. ॲप सांगतं तो दोऱ्याच्या छटेचा नंबर निव्वळ अंदाज: पडदा स्वतः उजळतो, दोऱ्यावर बाहेरचा उजेड पडावा लागतो. शिवाय डीएमसी आणि अँकर हे दोऱ्यांचे दोन ब्रँड. ॲपने डीएमसीचा नंबर दिला आणि दुकानात अँकरची लडी असली, तर दोघांचे नंबर वेगळे. म्हणून लडी ट्यूबलाइटखाली पसंत न करता दुकानाच्या पायरीवर आणून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. आख्खी लडी गडद वाटते. एक-दोन पदर सोडवून कापडावर आडवे ठेवले की खरा रंग कळतो.

हिशेब सोपा आहे. लडी 8 मीटरची, दोरा सहापदरी. दोन पदरांनी फुली टाका घातला तर एका लडीत 24 मीटर. मधली छटा मिळालीच नाही, तर फिक्याचा एक आणि गडदाचा एक पदर एकाच सुईत ओवा, काम भागतं.

लाल दोरा घरी आल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्याला रंग लागला, तर पांढऱ्या कापडावर तो वापरू नका. जास्त लागणाऱ्या रंगाच्या सगळ्या लड्या एकदमच घ्या, कारण रंगवण्याच्या पुढच्या खेपेत तोच नंबर किंचित वेगळा निघू शकतो. नंबराची पट्टी काढून टाकण्याआधी प्रत्येक दोऱ्याचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून शेजारी नंबर लिहा.