बी सेलमधला 'बी' मला काकाच्या पोल्ट्रीत कळला

डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, नवीन आलेल्या पोरांसाठी लिहितोय. मी मिरजेत शिकलो, गाव विट्याकडचं. पहिलं वर्षभर लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, माझ्यासाठी नुसता स्लाइडवरचा गोल जांभळा ठिपका, जवळपास सगळा न्यूक्लियसच, भोवती निळसर कड जेमतेम दिसायची, 100 पांढऱ्या पेशी मोजल्या की मोठ्या माणसात त्यातले 20 ते 40 हे निघायचे आणि झालं आपलं काउंट. पण हे येतात कुठनं ते नुसतं घोकलेलं.

लिम्फोसाइटचे मुख्य प्रकार दोन, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी सेल आणि दुसऱ्या टी सेल. व्हायवात विचारलं, बी सेलमधला बी कशाचा? मी ठोकून दिलं, बोन मॅरोचा. सर नुसते हसले. आता माणसात बी सेल तयार होतात बोन मॅरोतच, त्यामुळं चूक पटकन होते, पण नाव पडलंय कोंबडीवरनं.

दिवाळीला गावी गेलो तर काकाच्या शेडमध्ये गंबोरो, हा कोंबड्यांचा व्हायरसचा रोग, आलेला. डॉक्टरनी मेलेलं पिल्लू फाडून दाखवलं, विष्ठेच्या वाटेच्या जरा वर सुजलेली बोराएवढी गाठ, म्हणाले हा बर्सा, व्हायरस ह्याच्यातल्याच पेशी मारतो, म्हणून जगलेल्या पिल्लांनापण पुढच्या लसी नीट लागत नाहीत. तिथं शेडमध्येच माझी ट्यूब पेटली, बी म्हणजे बर्साचा! बर्सा काढलेल्या कोंबड्यांत अँटिबॉडी नीट बनत नाही हे ब्रूस ग्लिक आणि त्याच्या सोबत्यांनी 1956 मध्ये छापलं, तेपण पोल्ट्रीच्या जर्नलात.

टी सेलची सुरुवातपण बोन मॅरोतल्या स्टेम सेलपासनंच, पण त्या कच्च्या असतानाच निघतात आणि छातीच्या हाडामागं थायमसमध्ये जातात. तिथली परीक्षा पोलीस भरतीपेक्षा कडक. आपल्या पेशींवरची खूण ओळखता आली नाही तर बाद, आणि आपल्याच शरीरावर जोरात तुटून पडणारी असली तरी बाद. बहुतेक तिथंच मरतात, शंभरातल्या दोनचार बाहेर पडतात. थायमस वयात आल्यावर आकसत जातो, त्याच्या जागी चरबी येते.

आणि एक, काउंट लिहिण्याआधी फॉर्मवरचं वय बघा. मी दोन वर्षांच्या पोराच्या स्लाइडवर 60 लिम्फोसाइट बघून घामाघूम झालो, तीनदा मोजलं, मग मॅडमकडं पळालो. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळापण लावला नाही, फॉर्मवरच्या वयावर बोट ठेवलं आणि चहा प्यायला गेल्या.