यंत्र दिल्लीला, चिखल ऐरोलीचा

एएमएसवर (ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे अणू मोजून जुन्या वस्तूचं वय काढायचं तंत्र) पीएचडी केली म्हटलं की नातेवाइकांना वाटतं, मी दिवसभर ॲक्सिलरेटरची बटणं दाबत होतो. खरं सांगू? निम्मा वेळ भांडी घासण्यात गेला. काचेच्या नळ्या ॲसिडमध्ये भिजवायच्या, भट्टीत तापवायच्या, फॉइलमध्ये गुंडाळायच्या. या वाटेला यायचं असेल तर आधी हे पचवा.

एवढा सोवळेपणा कशासाठी, ते हिशेबातून कळेल. आजच्या एखाद्या पानातला एक मिलिग्रॅम कार्बन घ्या. त्यात कार्बन-१४चे, म्हणजे हळूहळू फुटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचे, साधारण सहा कोटी अणू असतात; किती उरले त्यावरून वय कळतं. पण अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ५,७३० वर्षांचं, त्यामुळे दिवसभरात त्यातले फुटतात जेमतेम वीस. जुनी पद्धत हे फुटणं मोजत बसायची, म्हणून तिला ग्रॅमभर कार्बन लागायचा. एएमएस वाट बघत नाही, थेट अणू मोजतं. अडचण अशी की अशा एका अणूमागे साधे कार्बन-१२ जवळपास लाख कोटी, आणि नायट्रोजन-१४चं वजनही जवळजवळ कार्बन-१४एवढंच. यावरची युक्ती मला अजूनही भारी वाटते: नायट्रोजनचा ऋण आयन (जादा इलेक्ट्रॉन घेतलेला अणू) टिकतच नाही. ग्राफाइटवर सीझियमचा मारा करून ऋण आयन काढले की नायट्रोजन दारातच गळतो. मग उरतात कार्बन-१४चं सोंग घेतलेले, हायड्रोजन चिकटलेले कार्बन. ते ॲक्सिलरेटरच्या मध्यावर इलेक्ट्रॉन गमावतात आणि तुटतात. १९७७च्या सुमारास हे जमलं आणि पन्नास हजार वर्षांपर्यंतचं वय मिलिग्रॅमभर कार्बनवरून काढता येऊ लागलं.

मी कोपरखैरण्याचा, एमएस्सी केमिस्ट्रीत. विषय मिळाला ठाणे खाडीच्या गाळाचा. कांदळवन कक्षाची परवानगी काढून ओहोटीला ऐरोलीच्या बाजूला उतरलो, नळी ठोकून गाळाचा गाभा काढला. घरी आलो तर आई म्हणाली, "गुडघाभर चिखलात गेलास आणि तिसऱ्या नाही आणल्यास?"

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, नमुना म्हणून घ्यायच्या तरी जपून. समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच शिळा असतो, त्यामुळे शिंपलं आपल्या खऱ्या वयापेक्षा साधारण चारशे वर्षांनी म्हातारं दिसतं. तिवराचं मूळ नेमकं उलटं फसवतं: ते वरून खाली घुसतं आणि जुन्या थरात नवा कार्बन नेऊन ठेवतं. मी पानाचे तुकडे वेचले, चिमट्याने, भिंगाखाली.

आणि मग ते एका महाविद्यालयाच्या फ्रिजमध्ये ठेवले. जागा रिकामी दिसली, विचारलं कोणालाच नाही.

ॲसिड, अल्कली, पुन्हा ॲसिड, जाळून कार्बन डायऑक्साइड, मग लोखंडाच्या भुकटीवर हायड्रोजन देऊन ग्राफाइट: सगळं नीट झालं. दिल्लीला मोजणी झाली आणि तीन नमुन्यांत आजच्या हवेच्या सहापट कार्बन-१४ निघाला. मी म्हटलं, अणुचाचण्यांचा असेल. मोजणारे सर हसले. त्या चाचण्यांनी १९६३च्या सुमारास हवेतलं प्रमाण जेमतेम दुपटीच्या जवळ नेलं होतं. सहापट कुठून येणार? त्यांनी एकच प्रश्न विचारला: "नमुना कुठल्या फ्रिजमध्ये होता?" त्या फ्रिजमध्ये कधी काळी कार्बन-१४ लावलेली औषधी संयुगं ठेवली जात होती. तसल्या बाटलीतला अदृश्य अंशही आपल्या मोजणीला पुरून उरतो. यंत्रात नमुने ज्या चाकावर बसवतात त्यावरच्या शेजारच्या नमुन्यांवरही संशय आला, आणि ते माझे नव्हते. तो फोन अजून आठवतो.

उलट्या टोकाचाही आकडा लक्षात ठेवा. कार्बन-१४ पूर्ण संपलेल्या दगडी कोळशात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर त्याचं वय ३७,००० वर्षं दिसतं. बोटाचा तेलकटपणा, टिश्यू पेपर, कापूस हा सगळा कार्बनच. म्हणून प्रत्येक खेपेला असा 'मेलेला' नमुनाही स्वतःच्याच हाताने तयार करून चढवायचा. तुम्ही किती घाण करता ते तो सांगतो.

नोकरीच्या दृष्टीने: मुंबईकरांना वाटतं यंत्र कुलाब्यातच असेल. तिथल्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पेलेट्रॉन नावाचा मोठा ॲक्सिलरेटर आहे, पण त्याचं मुख्य काम अणुकेंद्र भौतिकीचं. कार्बनसाठी दिल्लीचं आययूएसी (इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर) आणि अहमदाबादचं पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) बघा. पीएचडीला सहसा नेट किंवा गेटसारखी परीक्षा लागते. फिजिक्सवाले आयन सोर्स (नमुन्यातून आयन काढणारा भाग) सांभाळतात, भूशास्त्रवाले प्रश्न आणतात, आणि ग्राफाइट करणारे हात नेहमीच कमी पडतात. केमिस्ट्रीवाल्यांनी म्हणूनच संकोच करू नये. एएमएसने मोजला जाणारा दुसरा किरणोत्सारी अणू, बेरिलियम-१०, त्याच्याकडे वळलात तर सगळं गणित बदलतं: अर्धायुष्य जवळपास चौदा लाख वर्षं, आणि नायट्रोजनच्या जागी बोरॉन छळतो, जो दारात गळत नाही.

दुसऱ्यांदा काढलेला गाळ मी घरच्या फ्रिजमध्ये ठेवला, फॉइलमध्ये, स्टीलच्या डब्यात. आईने इडलीचं पीठ खालच्या कप्प्यात हलवलं आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: चिखल, तळायचा नाही.