थंडीतल्या सहली आणि गेट-टुगेदर ठरवताना आधी उजेड बघा, मग तारीख

सप्टेंबर संपत आला की सगळ्या ग्रुपवर एकच सुरू होतं, यंदा थंडीत कुठेतरी जाऊया, सगळ्यांनी एकदा तरी भेटूया, आणि मग कोणीच तारीख टाकत नाही आणि बघता बघता जानेवारी उजाडतो. तारीख टाकली तरी ती सुट्टी बघून टाकलेली असते, त्या दिवशी अंधार किती वाजता पडणार ते कोणी बघत नाही. माझं ठाम मत आहे की शरद ते शिशिर या दिवसांत काहीही ठरवायचं असेल, सहल असो की घरी वीस-पंचवीस माणसं बोलवायची असोत, तर सगळ्यात आधी उजेड किती मिळणार हे बघायचं, मग थंडी किती पडणार, आणि सुट्टी जुळवणं त्याच्यानंतर. उन्हाळ्यात वेळेचा अंदाज दोन तास चुकला तरी चालून जातं, थंडीत तेच दोन तास सगळा दिवस खातात.

उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र जवळपास सारखे असतात आणि तिथून दिवस लहान होत जातो तो २१ किंवा २२ डिसेंबरपर्यंत. (दक्षिण गोलार्धात असाल तर ऋतू उलटे, तेव्हा खालचे महिने सहा महिने सरकवून वाचा, फक्त उल्कावर्षावाच्या तारखा तशाच ठेवा.) दिवस किती लहान होतो ते तुम्ही विषुववृत्तापासून किती लांब आहात त्यावर. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत साधारण ११ तास उजेड मिळतो, न्यूयॉर्कमध्ये सव्वानऊ, लंडनमध्ये आठपेक्षाही थोडा कमी, आणि नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला तर नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्यामुळे एका गावात जमलेला प्लॅन दुसऱ्या गावात जसाच्या तसा चालेल असं समजू नका.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सगळ्यात लहान दिवस २१ डिसेंबरचा, पण सगळ्यात लवकर सूर्यास्त त्या दिवशी होत नाही. न्यूयॉर्क, माद्रिद या पट्ट्यात सगळ्यात लवकर सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास होऊन जातो आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. म्हणजे डिसेंबर संपता संपता संध्याकाळी उजेड थोडा थोडा वाढायला लागलेला असतो, पण सकाळी मात्र अजून अंधारच, तेव्हा दुपारनंतर फिरायचं असेल तर वर्षाचा शेवट बरा आणि पहाटेचं काही असेल तर ते ऑक्टोबरमध्येच उरकलेलं चांगलं. शिवाय जिथे घड्याळ बदलतात तिथे ती तारीख आधी बघून ठेवा, युरोपात ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, अमेरिकेत नोव्हेंबरचा पहिला रविवार, त्या दिवसापासून संध्याकाळ एकदम तासभर अलीकडे येते आणि आदल्या आठवड्यात जमलेलं टाईमटेबल पुढच्या आठवड्यात कोलमडतं.

मग करायचं काय, तर उलटं मोजायचं. त्या तारखेचा आणि त्या गावाचा सूर्यास्त फोनवर बघा, त्यातून एक तास वजा करा, त्या वेळेला सगळे गाडीपाशी किंवा स्टेशनवर असले पाहिजेत. तिथून मागे येत येत जेवण, चालणं, प्रवास हे बसवा आणि सकाळी निघायची वेळ काढा. ती वेळ फार लवकरची आली तर जागा जवळची निवडा, लोकांना पहाटे चारला उठवू नका, कारण झोप न झालेली माणसं आणि थंडी हे एकत्र आलं की दुपारी दोनलाच सगळे घरी जायच्या मूडमध्ये असतात. डोंगराच्या सावलीतल्या जागांना अजून अर्धा-पाऊण तास कमी धरा, दरीत ऊन लवकर जातं.

आता पानांचे रंग बघायला जाणाऱ्यांसाठी, कारण सगळ्यात जास्त तारखा यातच चुकतात. दिवस लहान झाला की झाड पानातलं हरितद्रव्य तोडायला लागतं, आत आधीपासून असलेला पिवळा-केशरी रंग मग दिसायला लागतो, आणि लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, त्यासाठी दिवसा भरपूर ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण गोठणारी थंडी नको. म्हणून पिवळा रंग दरवर्षी साधारण तसाच येतो आणि लाल एखाद्या वर्षी फिका पडतो. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि उंचावरून खाली उतरत येतो, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम होतं. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये वरच्या भागात सप्टेंबरच्या शेवटी सुरुवात होते आणि खाली किनाऱ्याकडे ऑक्टोबर संपेपर्यंत चालतं, काश्मीरमधले चिनार ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, क्योटोमध्ये तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा हाच खरा वेळ. तेव्हा एकच तारीख पकडून बसण्यापेक्षा एकच रस्ता पकडा ज्यात चढ-उतार आहे, वर पानं गळलेली असतील तर खाली रंग मिळेल, खाली अजून हिरवं असेल तर वर मिळेल. बुकिंग करताना तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, कारण एक जोराचा वारा किंवा दोन दिवसांचा पाऊस आला की सगळं झाड रिकामं होतं. आणि फोटोंची आवड असेल तर भर दुपार टाळा, सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी सूर्य पानांच्या मागे येईल असं उभं राहा, रंग तिथेच उजळतात.

नोव्हेंबरनंतर पानं संपतात तेव्हा लोकांना वाटतं आता बाहेर बघायला काही नाही, आणि मला तर हाच सगळ्यात श्रीमंत काळ वाटतो कारण रात्र लवकर येते. लहान मुलांना उन्हाळ्यात तारे दाखवायचे तर जागवत ठेवावं लागतं, हिवाळ्यात संध्याकाळी सात वाजताच पुरेसा काळोख असतो. उल्कावर्षाव तर आधीच कॅलेंडरवर टाकून ठेवा, ओरायनिड्स २१ ऑक्टोबरच्या आसपास, लिओनिड्स १७ नोव्हेंबरच्या आसपास आणि जेमिनिड्स १३-१४ डिसेंबरला. यातला मुलांना घेऊन बघायचा असेल तर जेमिनिड्सच निवडा, कारण बाकीचे नीट दिसायला मध्यरात्र उलटावी लागते, हा मात्र रात्री नऊ-दहापासूनच दिसायला लागतो. पण आधी चंद्र बघा, पौर्णिमा जवळ असेल तर बारीक उल्का उजेडात हरवतात, अशा वर्षी तो कार्यक्रम सोडून सरळ चांदण्यातली पायपीट ठेवा, हिवाळ्यातला पूर्ण चंद्र उन्हाळ्यापेक्षा खूप वर चढतो आणि मोकळ्या मैदानावर टॉर्चशिवाय रस्ता दिसतो. तारे बघायला गेलात की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकाने फोन उघडला की ती सगळ्यांची जाते, हे निघायच्या आधीच सांगून ठेवा. लाल उजेडाचा टॉर्च चालतो. आडवं पडून बघायचं, त्यामुळे खाली जाड चटई हवीच, थंडी वरून जेवढी लागते त्यापेक्षा जमिनीतून जास्त शिरते.

पक्षी बघायला जाणाऱ्यांनाही हाच मोसम. उत्तरेकडून आलेले पक्षी तळ्यांवर आणि खाड्यांवर उतरलेले असतात, झाडांना पानं कमी म्हणून दिसतातही लवकर. सूर्योदयाला तिथे पोचा आणि तीन तासांत परत या, जास्त ताणू नका.

कपड्यांबद्दल सगळेच सांगतात लेयर घाला, पण कुठला लेयर कशासाठी ते सांगत नाहीत. अंगाला लागून सुती काही घालू नका, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं, आत लोकरी किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस किंवा स्वेटर, बाहेर वारा अडवणारं जॅकेट. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, चालायला लागल्यावर बरोबर होतं, निघतानाच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार. याच्या उलट एका जागी बसायचा कार्यक्रम असेल, उघड्यावरची मैफल, शेकोटी, तारे, तर तुम्हाला लागतील असं वाटतं त्यापेक्षा एक कपडा जास्त घ्या. उंचीचा हिशोबही करा, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं, म्हणजे पायथ्याशी १२ असेल तर दोन हजार मीटर वर शून्याच्या आसपास. त्यात वारा असला की वेगळंच, तापमान शून्य आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर अंगाला उणे सहा-सात वाटतं. हवामानाच्या ॲपमध्ये नुसतं तापमान बघू नका, वाऱ्याचा आकडा बघा. आणि बर्फात जात असाल तर गॉगल आणि सनस्क्रीन विसरायचं नाही, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, नाकाच्या खालून सुद्धा चेहरा भाजतो.

हवामानाचा अंदाज चार-पाच दिवस आधीचा बऱ्यापैकी भरवशाचा असतो, दहा दिवसांपुढचा बघून निर्णय घेऊ नका. म्हणून तारीख महिनाभर आधी ठरवा पण जायचं की नाही ते तीन दिवस आधी पक्कं करा, आणि बदली प्लॅन त्याच दिवशी ठरवून ठेवा, म्युझियम, इनडोअर काहीतरी, कोणाचं तरी घर. आयत्या वेळी तीस मेसेज होतात आणि कोणीच येत नाही.

घरी लोकांना बोलवत असाल तर संध्याकाळी सातऐवजी दुपारी बाराला बोलवा, हे मी सगळ्यांना सांगते. वयस्कर माणसांना अंधारात परत जायचं टेन्शन नसतं, मुलं दोन तास बाहेर खेळून येतात, आणि जेवणं झाल्यावर सगळे मिळून सूर्यास्त बघायला बाहेर पडता येतं, साडेपाच-सहाला घर मोकळं. जास्त माणसं असली की खिडकी दर तासाला पाच-दहा मिनिटं उघडा, थंडी आत येईल पण सर्दी-खोकल्याचा मोसम आहे आणि बंद खोलीत एकाचं दहाजणांना होतं. खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, झोपेत कळतसुद्धा नाही, जनरेटर आणि बार्बेक्यूला पण हाच नियम, दाराच्या आत आणायचाच नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, थंडी आहे म्हणून चालेल असं वाटतं पण खोलीत तर हीटर चालू असतो. आणि बाहेर न्यायचं असेल तर थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओतून टाका आणि मग चहा किंवा सूप भरा, गरमपणा कितीतरी जास्त टिकतो.

दारूने ऊब येते हे खरं नाही. त्वचेकडे रक्त जास्त जातं म्हणून गरम वाटतं आणि उलट आतली उष्णता भराभर बाहेर जाते, शेकोटीचा कार्यक्रम असेल तर हे घरच्यांना जरूर सांगा.

मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या वेगाने प्लॅन करायचा, तरुणांच्या नाही. कडेवरचं किंवा बाबागाडीतलं बाळ स्वतः हालचाल करत नाही, आपण चालून गरम झालेलो असतो आणि त्याचे हातपाय गार पडलेले असतात, तेव्हा दर अर्ध्या तासाला त्याच्या मानेला आणि छातीला हात लावून बघा. वयस्कर माणसांना थंडीत तहान कळत नाही, पाणी विचारू नका, हातात द्या. टॉयलेट कुठे आहे आणि हिवाळ्यात ते उघडं असतं का हे आधी फोन करून विचारा, बऱ्याच बागा आणि कॅम्पसाईट थंडीत नळाचं पाणी बंद करतात.

गाडीचं थोडक्यात, तापमान पाच-सहा डिग्री उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने कमी होते, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी टायर गार असतानाच तपासा, बॅटरी जुनी असेल तर लांबच्या ट्रिपच्या आधी दाखवून घ्या. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी धडाधड उतरते आणि नेमकं परत येताना मॅप लागतो. गोठलेल्या तळ्यावर मात्र तिथली माहिती असलेल्या लोकांनी सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नका, वरून सगळीकडे सारखं दिसलं तरी बर्फाची जाडी दहा पावलांवर बदललेली असते.

आणि किती कार्यक्रम ठेवायचे, तर सगळ्या मोसमात मिळून एक मोठी सहल, एक अर्ध्या दिवसाची, एक घरची भेट एवढंच ठरवा, बाकी जमलं तर जमलं. मोठी सहल ऑक्टोबरमध्ये घ्या कारण उजेड भरपूर आणि रस्ते कोरडे, घरची भेट डिसेंबरमध्ये, आणि अर्ध्या दिवसाची जानेवारीच्या शेवटी, तेव्हा सुट्ट्या संपलेल्या असतात, सगळीकडे गर्दी ओसरते आणि दिवस परत वाढायला लागलेला असतो. तिन्हींच्या तारखा एकाच वेळी टाका, प्रत्येकीसाठी एकच माणूस जबाबदार, पैसे आधी गोळा करा. आदल्या रात्री ग्रुपवर एकच मेसेज जाऊ द्या ज्यात निघायची वेळ, सूर्यास्ताची वेळ, परतीची वेळ, सगळ्यात कमी तापमान आणि वारा, काय घालायचं, भेटायच्या जागेचं लोकेशन आणि कोणाला उशीर झाला तर फोन कोणाला करायचा एवढं लिहिलेलं असेल.