गावात राहून रॉक गाण्याचा व्हिडिओ : विद्यार्थ्यांनी शोध आणि आखणी कशी करावी

तालुक्याच्या महाविद्यालयातील चार-पाच मुले-मुली एकत्र येऊन बँड उभा करतात, स्वतःचे एक गाणे बसवतात, आणि त्याचा व्हिडिओ काढायचे ठरले की पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेरा कुठून आणायचा हा. अशा काही गटांबरोबर काम केल्यावर माझे मत पक्के झाले आहे की कॅमेऱ्याचा प्रश्न सर्वांत शेवटी सोडवला तरी चालतो, कारण खिशातला फोन बहुतेक वेळा पुरतो. पुरत नाही तो वेळ. मागून आणलेला ड्रमसेट, कोणाच्या तरी वावरात मिळालेली जागा, सकाळचा दोन तासांचा मऊ उजेड आणि गावी परतणारी शेवटची एसटी एवढ्यात सारे बसवायचे असते. म्हणून एका दिवसाच्या चित्रीकरणासाठी तीन आठवड्यांची तयारी धरावी.

आधी गाणे मोजून घ्यावे

गाण्याचे अंतिम ध्वनिमुद्रण हातात आल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नये. संगीत व्हिडिओत आवाज ध्वनिमुद्रणातला असतो. चित्रीकरणाच्या जागी तेच गाणे स्पीकरवर लावून कलाकार त्याबरहुकूम गातात आणि वाजवतात. एका गटाने घाईघाईत जुन्या कच्च्या ध्वनिमुद्रणावर दिवसभर चित्रीकरण केले. अंतिम गाण्याची लय मिनिटाला दोनच ठोक्यांनी वेगळी होती, पण कडव्याच्या चौथ्या ओळीपर्यंत गायिकेचे ओठ शब्दांच्या मागे पडू लागले आणि तिचे जवळून घेतलेले जवळपास सगळे शॉट बाद करावे लागले.

गाणे हातात आले की वहीत त्याचा नकाशा काढावा. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो, चार ठोक्यांचे आवर्तन २ सेकंदांचे होते, आणि चार मिनिटांच्या गाण्यात अशी १२० आवर्तने भरतात. प्रत्येक आवर्तनापुढे त्या वेळचे शब्द, ऐकू येणारी वाद्ये आणि गाण्याचा चढ-उतार लिहावा. गिटार कुठे शिरते, ड्रम कुठे थांबतात, शेवटच्या धृपदाआधी सारी वाद्ये गप्प होऊन एखादे आवर्तन मोकळे राहते का, हे या नकाशात दिसते. असे मोकळे आवर्तन सापडले तर त्या दोन सेकंदांत काय दिसणार हे सर्वांत आधी ठरवावे, कारण प्रेक्षकाचे डोळे तिथेच सर्वाधिक सावध असतात.

इतरांचे काम पाहावे, पण आवाज बंद करून

रॉक गाण्यांचे दहा व्हिडिओ निवडावेत आणि प्रत्येक व्हिडिओ पहिल्यांदा आवाज बंद करून पाहावा. एका मिनिटात दृश्य किती वेळा बदलते, बँड प्रत्यक्ष वाजवताना किती वेळ दिसतो, एखादी गोष्ट चालू आहे की एकच कल्पना फिरवून फिरवून दाखवली आहे, गायकाचा चेहरा जवळून कोणत्या शब्दांवर येतो, याच्या नोंदी कराव्यात. नंतर आवाज लावून त्या ताडून पाहाव्यात. दहा व्हिडिओ संपेपर्यंत आपल्या गाण्याला वादन हवे, गोष्ट हवी की दोहोंचे मिश्रण, याचा अंदाज येतो. विद्यार्थ्यांना मी मिश्रणच सुचवतो, कारण गोष्टीतला एखादा प्रसंग फसला तर ती जागा वादनाच्या शॉटने भरून काढता येते.

पाहताना एक प्रश्न मात्र सतत विचारावा : हे दृश्य असे का आहे? ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडने १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा व्हिडिओ अवघ्या काही तासांत चित्रित केला. त्यातील अंधारातून उजळणारे चार चेहरे हे दृश्य त्यांच्या १९७४ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून घेतलेले होते. दृश्य आधीच मनात पक्के असल्यामुळे थोडा वेळही पुरला. ‘ब्लॅक सॅबथ’ हा बँड १९६८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये उभा राहिला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसला होता, आणि पुढे गिटारच्या तारा सैल करून त्याने जो जड, खर्जातला आवाज काढला त्याच्याशी त्या अपघाताचाही संबंध होता. अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या बँडांचे चौकड्यांचे जाड शर्ट तिथल्या थंड हवेतले कामकऱ्यांचे स्वस्त कपडे होते. म्हणजे काळे जाकीट, कारखान्याची भिंत, धूर ही सारी चिन्हे कुणाच्या तरी रोजच्या जगण्यातून आली आहेत. हे एकदा उमगले की मूर्तिजापूरच्या किंवा वणीच्या मुलांना मुंबईच्या गोदामाची नक्कल करण्याची गरज वाटत नाही; आपल्या परिसरात असा आवाज कुठे आहे, हे ती शोधू लागतात.

जागा शोधताना

असा आवाज वऱ्हाडात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, आहे. डबल रोलर जिनांची रांग चालू असताना पायाखालची फरशी थरथरते, हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, आणि झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ते एक-एक दिसतात. जड रॉकला याहून नेमकी जागा मला सुचत नाही. परंतु मालकाची लेखी परवानगी घ्यावी, फिरते पट्टे आणि रोलर यांच्याजवळ ओढणी किंवा मोकळे केस घेऊन कोणीही जाऊ नये, आणि हॅलोजन, फटाके, मशाल, धुराची नळकांडी यांतले काहीही कापसाच्या गंजीजवळ नेऊ नये; कापूस पेटल्यावर आवरणे फार कठीण असते. शक्य असल्यास बँडचे वादन यंत्रे बंद असताना घ्यावे आणि चालू यंत्रांची दृश्ये लांबून वेगळी टिपावीत.

हंगामाचा विचार जागेइतकाच महत्त्वाचा आहे. दसरा-दिवाळीपासून पऱ्हाटी म्हणजे कपाशी पांढरी दिसू लागते, फाल्गुनात पळस लाल होतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ऊन इतके कडक असते की माणसांआधी फोन तापून बंद पडतो. उन्हाळ्यात चित्रीकरण करावेच लागले तर ते सकाळी नऊच्या आत आटोपावे. पूर्व विदर्भातील गटांनी झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम गाठावा. दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत थोड्या दिव्यांतून रंगमंच कसा उजळतात ते पडद्यामागे बसून पाहता येते, आणि देसाईगंज वडसा येथे नाट्यमंडळांची कार्यालये असल्यामुळे प्रकाशयोजना व वेशभूषा करणाऱ्या माणसांना भेटता येते.

काही जागा मोह घालतात, पण टाळाव्यात. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे गवतात बुडालेले अरुंद रूळ प्रत्येक गटाला हवे असतात. तथापि रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी शिरणे गुन्हा ठरतो. नरनाळ्यासारखा किल्ला हवा असेल तर पुरातत्त्व विभागाची आणि वन विभागाची परवानगी आधी लागते, आणि त्यात आठवडे जातात. ड्रोन २५० ग्रॅमपर्यंतचा असेल तर चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, पण त्या भागात उडवण्यास बंदी आहे का हे सरकारी नकाशावर तपासावेच लागते. विद्यार्थ्यांच्या पहिल्या व्हिडिओसाठी मित्राचे वावर, गावातली गोठ्याची भिंत आणि पाण्याची टाकी एवढ्या जागा पुष्कळ आहेत.

माणसांचा विचार

कापूस वेचणाऱ्या बायांचे दृश्य घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटे, कमरेला बांधलेली झोळी, क्षणभरही न थांबणारे हात यांत रॉकच्या ठेक्याशी जुळणारे पुष्कळ काही आहे. परंतु वेचणीची मजुरी किलोवर मिळते. “काकू, जरा थांबा, पुन्हा एकदा करा,” असे म्हणत अर्धा तास घेतला तर त्या संध्याकाळी काट्यावर त्यांचा कापूस तेवढा कमी भरतो. म्हणून आदल्या दिवशी कास्तकाराला आणि त्या बायांनाही भेटून विचारावे, थांबवलेल्या वेळेची मजुरी खर्चाच्या अंदाजपत्रकात धरावी, आणि चेहरा दाखवायचा असेल तर त्यांची संमती घ्यावी. बँडमधील किंवा दृश्यातील कोणी १८ वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी संमती आवश्यक समजावी.

याच संदर्भात एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. विदर्भ म्हटले की फास आणि झाडाची फांदी दाखवण्याची सवय बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्यांनी लावली आहे. ज्या गावात चित्रीकरण चालले आहे तिथल्या एखाद्या घरात तो प्रसंग खरोखर घडून गेलेला असू शकतो, आणि तो व्हिडिओ त्या घरातल्या मुलांच्या फोनवरही पोहोचणार असतो. गाण्यात दुःख असेल तर ते रिकाम्या बंडीतून, बंद पडलेल्या मोटारपंपातून, जेवणाच्या न उघडलेल्या डब्यातून दाखवता येते, आणि गावाला ते अधिक लवकर कळते.

हक्कांची चौकशी

स्वतः लिहिलेले आणि स्वतः चाल दिलेले गाणे असेल तर हा भाग थोडक्यात संपतो. दुसऱ्याच्या कवितेला रॉकची चाल द्यायची असेल तर आपल्या कायद्यानुसार कवीच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क टिकतात आणि ही मुदत मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून मोजली जाते, हे लक्षात ठेवावे. खंजिरीवर गायलेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने रॉकमध्ये उत्तम बसतात, पण महाराजांचे निर्वाण १९६८ मधले असल्यामुळे त्यांच्या रचनांवरील हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहेत आणि हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची परवानगी लागते. सुरेश भटांच्या गझला तर २०६३ च्या अखेरपर्यंत अशाच संरक्षित आहेत. तुकारामांचा अभंग सर्वांचा आहे. मात्र त्याला अलीकडे कोणी दिलेली चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण ज्याचे त्याचे आहे.

शॉटची यादी आणि तांत्रिक तयारी

आता गाण्याचा नकाशा आणि जागांची यादी शेजारी ठेवून शॉट लिहावेत. प्रत्येक शॉटपुढे आवर्तनांचे क्रमांक, जागा, दिवसाची वेळ, कॅमेऱ्याचे अंतर आणि लागणाऱ्या वस्तू लिहाव्यात; चित्र काढता येत नसेल तर काड्यांची माणसे काढली तरी चालतात. मग त्या जागी जाऊन, ज्या वेळी चित्रीकरण करायचे त्याच वेळी, फोनवर फोटो काढावेत आणि ते गाण्यावर क्रमाने लावून चार मिनिटांचा कच्चा व्हिडिओ बनवावा. गाणे न ऐकलेल्या चार-पाच जणांना तो दाखवावा. आवडले का, असे विचारू नये. कोणते चित्र लक्षात राहिले आणि कुठे कंटाळा आला, हे विचारावे. खरी दुरुस्ती याच टप्प्यावर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

चित्रीकरणात लावायच्या गाण्याच्या सुरुवातीला ड्रमच्या काठ्यांचे चार ठोके जोडावेत, म्हणजे संकलनात प्रत्येक शॉट गाण्याशी जुळवणे सोपे जाते. आवाज ध्वनिमुद्रणातला असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला वीज नसली तरी बिघडत नाही, आणि थ्री-फेज रात्री येणाऱ्या वावरातही बँड उभा करता येतो. अडचण असते ती ड्रमची, कारण खरा ड्रम वाजला की स्पीकर ऐकू येत नाही. त्यासाठी ड्रममध्ये जुनी गोधडी कोंबावी, सिंबलच्या (ड्रमसेटमधील झांजेच्या) खालच्या बाजूस कापडी पट्टी चिकटवावी आणि वादकाने एका कानात इयरफोन ठेवावा. हात मात्र पूर्ण ताकदीनेच चालले पाहिजेत. गायिका संथ गतीत दिसावी पण ओठ जुळावेत असे हवे असेल तर गाणे दुप्पट वेगाने लावून सेकंदाला ५० फ्रेमने (म्हणजे ५० चित्रांनी) चित्रीकरण करावे आणि नंतर ते २५ फ्रेमवर आणावे. ट्यूबलाइटखाली दृश्य लुकलुकत असेल तर शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवावे, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे.

मोकळ्या जागी ध्वनिवर्धक लावण्यासाठी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो लावता येत नाही, म्हणून ती परवानगी आधीच घ्यावी आणि ग्रामपंचायतीला व पोलीस पाटलांनाही पत्र द्यावे. त्या पत्राची प्रत, शॉटची यादी, कोणी किती वाजता कुठे पोहोचायचे याचा कागद आणि पिण्याचे पाणी एकाच माणसाकडे सोपवावे, आणि तो माणूस बँडमधला नसावा. आदल्या रात्री फोनवर एक मिनिट चित्रीकरण करून त्याला किती जागा लागते ते पाहावे, त्यावरून दिवसभराचा हिशेब करावा आणि फोन विमान मोडवर ठेवावा.

काम संपल्यावर जागा सोडण्यापूर्वी सर्व शॉट लॅपटॉपवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घ्यावेत, आणि काठ्यांचे चार ठोके प्रत्येकात ऐकू येतात का ते तपासावे. एखादा शॉट राहिलेला आढळला तर सामान तिथेच ठेवू देण्याची विनंती कास्तकाराला करावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उजेडात तो पुन्हा घेता येतो.