ठसा जुळेना, किल्ली मात्र तीच
सर्व्हरशी एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडण्याच्या पद्धतीने) प्रथमच जोडणी करताना पडद्यावर दिसलेला त्याच्या किल्लीचा ठसा (किल्ली ओळखण्यासाठी तिच्यावरून काढलेली छोटी अक्षरमाला) व्यवस्थापकांनी फोनवर वाचून दाखवलेल्या ठशाशी अजिबात जुळेना, म्हणून मी होकार न देता तिथेच थांबलो. त्यांचा ठसा अपूर्णविरामांनी विभागलेल्या दोन-दोन अक्षरांच्या सोळा जोड्यांचा, म्हणजे ठसा काढण्याच्या जुन्या एमडी५ पद्धतीचा होता; माझा मात्र 'एसएचए२५६'ने सुरू होत होता, कारण ओपनएसएसएच या एसएसएच जोडणीच्या सॉफ्टवेअरने २०१५ मधील ६.८ आवृत्तीपासून हीच पद्धत, वेगळे सांगितले नाही तर आपोआप वापरायची, अशी ठरवली आहे. मग त्यांनी सर्व्हरवरच, 'एसएसएच-कीजेन' या किल्ल्या हाताळणाऱ्या आज्ञेला सार्वजनिक किल्लीची फाइल देऊन एसएचए२५६ पद्धतीने ठसा पुन्हा काढला, आणि आम्ही त्रेचाळीसही अक्षरे, लहान-मोठी (स्मॉल-कॅपिटल) लिपी सांभाळून, ताडून पाहिली. केवळ शेवटची चार अक्षरे पाहणे मला मुळीच पटत नाही, कारण तेवढाच भाग जुळणारी दुसरी किल्ली मुद्दाम तयार करता येते.