घरातील उंचावरची कामे: शिडी लावण्यापासून उतरेपर्यंत

उंचावरून पडणे म्हटले की छप्पर डोळ्यांसमोर येते. पण पंखा पुसताना किंवा भिंतीचा वरचा पट्टा रंगवताना अवघ्या दोन मीटरवरून पडूनही डोक्याला किंवा मणक्याला जबर इजा होऊ शकते. म्हणून वर न चढता काम भागते का, हे आधी पाहावे. लांब दांड्याच्या रोलरने बरेचसे छत जमिनीवर उभे राहूनच रंगवता येते. चढावेच लागणार असेल, तर खुर्चीवर स्टूल ठेवण्याचा खटाटोप करू नये, शिडी आणावी.

शिडी उभी करण्यापूर्वी आडवी ठेवून तपासावी. पायऱ्या उभ्या दांड्यांत घट्ट बसल्या आहेत का आणि पायांचे रबर शाबूत आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. रंग दिलेल्या लाकडी शिडीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही, कारण रंगाखालची चीर दिसत नाही.

भिंतीला टेकवायच्या शिडीसाठी चारास एक हे प्रमाण लक्षात ठेवावे: शिडी 4 मीटर उंचीवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून 1 मीटर दूर हवेत. त्याहून उभी लावली तर ती माणसासकट मागे कलंडते आणि फार तिरपी लावली तर पाय घसरतात. गुळगुळीत फरशीवर पायांखाली पोते किंवा चटई घालण्याची सवय अनेकांना असते. ती घातक आहे, कारण मग शिडीऐवजी पोतेच सरकते. वरचे टोक दोराने पक्के बांधावे. पन्हळीला किंवा काचेला शिडी टेकवू नये, आणि गच्चीवर उतरायचे असल्यास ती कठड्याच्या वर किमान 1 मीटर आलेली असावी, म्हणजे पाय टाकताना धरायला आधार राहतो.

शिडीवरचे खरे संकट मात्र हात लांबवण्यात असते. कोपऱ्यातला हातभर पट्टा तेवढा उरलेला असतो, ब्रश जेमतेम पोहोचत नाही, म्हणून माणूस कडेला झुकतो, एक पाय नकळत पायरीवरून सुटतो आणि त्याच क्षणी शिडीचा पलीकडचा दांडा जमिनीवरून उचलला जातो. उतरून शिडी सरकवायला फारसा वेळ लागत नाही, पण कंटाळा नेमका त्याचाच येतो. बेंबी दोन दांड्यांच्या मध्येच राहिली पाहिजे, एवढे एक पथ्य पाळले तरी तोल सांभाळणे पुष्कळ सोपे होते. चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे असावेत. अवजारे कमरेच्या पिशवीत ठेवावीत किंवा दोराने वर ओढून घ्यावीत.

घडीची शिडी पूर्ण उघडून तिचा अडसर लावावा, तोंड कामाकडे राहील अशी ठेवावी आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नये. ड्रिल मशीन चालवताना हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आडव्या रेट्याने अशी शिडी सहज कलते. दाराजवळ काम असेल तर दार आतून बंद करावे.

विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी नेऊच नये.

पत्र्याच्या छपराबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले प्लास्टिकचे पत्रे माणसाचे वजन पेलतील याची खात्री नसते, आणि बोल्टच्या रांगेवरून चालले की पत्रा फुटत नाही हा समज चुकीचा आहे. हे काम योग्य परांची आणि सुरक्षापट्टे असलेल्या कारागिरांनाच द्यावे.

एकट्याने चढू नये. कोणी पडलेच, तर त्याला ओढून बसवू नये. मान आणि पाठ न हलवता रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागलेला माणूस उठून चालू लागला, तरी पुढे उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी जाणवल्यास त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.