बटणाच्या फोनवर 'निपाणी' कसं लिहायचं

माझी आत्या निपाणीत बिड्या वळते. तिची बोटं अशी चालतात की बघत राहावं. पण फोनवर गावाचं नाव लिहायला बसली की हमखास अडायची. "पी दाबलं तर क्यू का उमटतंय गं?" बिड्यांच्या सवयीने बोटं भरभर पडायची, आणि इथे नेमकं मध्ये थांबावं लागतं.

आधी बटणं नीट बघा. २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ, असं तीन-तीन अक्षरांनी पुढे जायचं. ७ आणि ९ वर मात्र चार-चार: ७ वर पी-क्यू-आर-एस, ९ वर डब्ल्यू-एक्स-वाय-झेड. बटणावर अक्षराचा जो नंबर, तितक्या वेळा ते बटण दाबायचं.

आता नवीन मेसेज उघडा आणि इंग्रजी अक्षरांत निपाणी लिहा, पाटीवर असतं तसं दोन पी घालून. एनसाठी ६ दोनदा, आयसाठी ४ तीनदा, पीसाठी ७ एकदा. इथे थांबा. पुढचा पीही ७ वरच आहे. लगेच दाबलात तर फोन समजतो की तुम्हाला क्यू हवा. कर्सर पुढे सरकेपर्यंत, साधारण सेकंदभर, बोट उचलून ठेवा. नाहीतर उजव्या बाणाचं बटण दाबून कर्सर स्वतःच सरकवा. मग ७ एकदा, २ एकदा, ६ दोनदा, ४ तीनदा.

सरावाला गावांचीच नावं घ्या. खानापूर सोपं, कुठेच थांबावं लागत नाही. बेळगावचं 'बेळगावी' केलं तरी तसंच. हिंदलग्याला सुरुवातीलाच थांबा आहे, कारण एच आणि आय दोन्ही ४ वर. चिक्कोडीला दोनदा थांबायचं, एच-आयच्या मध्ये आणि दोन केंच्या मध्ये. आत्याला चिक्कोडी जमलं तेव्हा मला खात्री पटली की आता तिला काहीही लिहिता येईल.

प्रत्येक दाबेला अख्खा शब्दच बदलत असेल, तर शब्द सुचवायची सोय चालू आहे. गावांची, माणसांची नावं तिला सहसा माहीत नसतात. पर्यायांत जाऊन ती बंद करा.

जागा सोडायला बहुतेक फोनवर ०, पूर्णविरामाला १. लहान-मोठी लिपी हॅशच्या बटणाने बदलते. मेसेजमध्ये एखादाच आकडा हवा असेल तर ते बटण दाबून धरा.

मराठीत लिहायचं तर लेखनाची भाषा बदला. फोनमध्ये मराठी नसेल तर हिंदी घ्या, देवनागरी तीच. फक्त एक हिशेब लक्षात ठेवा: इंग्रजी अक्षरांच्या एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीच्या ७०. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून 'बेळगाव' सहा अक्षरांचं होतं.

नंबर साठवताना आपल्या भागात एक काळजी घ्याच. कुणाची लेक चंदगडला, कुणाचा भाऊ कोल्हापुरात, सीमेपलीकडे रोजचं येणं-जाणं. म्हणून प्रत्येक मोबाईल नंबरच्या आधी +९१ लावा. अधिकचं चिन्ह ० दाबून धरलं की येतं; काही फोनवर स्टारचं बटण दोनदा दाबावं लागतं. असा साठवलेला नंबर कुठल्याही राज्यातून लागतो. घरच्या फोनच्या नंबरालाही तसंच, बेळगावचा ०८३१ असेल तर आधीचं शून्य काढून +९१८३१.

आणि पिन. *९९# हा बँकेच्या कामांचा नंबर लावून खात्यातली शिल्लक बघायला बायका फोन शेजारच्या पोराच्या हातात देतात, हे मला फार लागतं. पिन चार किंवा सहा आकडी असतो. आकड्यांच्या रकान्यात प्रत्येक बटण एकदाच दाबायचं, थांबायचं कारणच नाही. चुकलं तर खोडायच्या बटणाने एकेक आकडा मागे घ्या. फोन आपल्याच हातात ठेवून पिन आपणच टाका. आत्या आता तसंच करते.